सहा वाजून वीस मिनिटं

मार्च 2013
जागतिक आरोग्य संघटनेचा रस्ता सुरक्षा अहवाल येतो. सीट बेल्टमुळे पुढे बसणाऱ्याच्या मृत्यूचा धोका 40 ते 50 टक्क्यांनी, मागे बसणाऱ्याचा 25 ते 75 टक्क्यांनी घटतो, असं त्यात लिहिलेलं आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम 138 (3) त्याआधीपासूनच आहे. चालत्या गाडीत मागच्या सीटवरच्यांनीही बेल्ट लावायचा. बेल्ट लावणारे थोडे, विचारणारे त्याहून थोडे.

16 मे 2014, शुक्रवार
लोकसभेचा निकाल. बीडमधून गोपीनाथ मुंडे 1,36,454 मतांनी निवडून येतात. 

26 मे, सोमवार
राष्ट्रपती भवनात शपथविधी. मुंडे केंद्रीय ग्रामविकास मंत्री होतात.

2 जून, रात्र
उद्याचा बेत ठरलेला आहे. सकाळच्या विमानानं मुंबई, तिथून बीड जिल्हा. मंत्री झाल्यावर पहिल्यांदाच घरच्या माणसांपुढे जायचं आहे.

3 जून, मंगळवार, सकाळी 6 नंतर
दिल्लीत सूर्य साडेपाचच्या आतच उगवला आहे. उजेड लख्ख, रस्ते मोकळे. मारुती एसएक्स-4 विमानतळाकडे निघते. गाडीत तिघं: चालक, स्वीय सहायक आणि मागच्या सीटवर मुंडे. मागचा बेल्ट लावलेला नाही. बेल्ट लावला नाही तर मागच्या सीटसाठी वाजणारी सूचना त्या काळात सक्तीची नव्हती.

6.20 च्या जरा आधी
गाडी पृथ्वीराज रोड आणि तुघलक रोडच्या चौकाकडे येते. दुसऱ्या बाजूनं एक टाटा इंडिका येत आहे. ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. चौक ओलांडायला तिला दोन-तीन सेकंद पुरतात.

6.20
इंडिका एसएक्स-4 वर आदळते. मुंडे ज्या बाजूला बसले आहेत, त्याच बाजूला. गाडी थांबते, पण आत बसलेल्याचं शरीर लगेच थांबत नाही. त्याला धरून ठेवणारं काही नसेल तर मानेला जोराचा झटका बसू शकतो.

मुंडे पाणी मागतात. दवाखान्यात घेऊन चला, असं सांगतात.

6.30
एम्सचं ट्रॉमा सेंटर. धडकेला दहा मिनिटं झाली आहेत. श्वास चालू नाही, नाडी लागत नाही. अंगावर बाहेरून मोठी जखम दिसत नाही. डॉक्टर हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न करत राहतात.

7.20
मृत्यू घोषित होतो. मंत्रिपदाचा नववा दिवस. शवविच्छेदनात कळतं, की मानेचे पहिले दोन मणके निखळले होते आणि यकृत फाटून पोटात रक्तस्राव झाला होता.

त्यानंतर
इंडिकाच्या चालकावर निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल होतो. घातपाताची शंका निघते. पुढे सीबीआय तपास करते आणि तो अपघातच होता, असा निष्कर्ष काढते. आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन सांगतात, की मागचा बेल्ट शोभेचा असतो हा लोकांचा गैरसमज आहे. तो लावला असता तर मुंडे वाचले असते, असंही ते म्हणतात.

4 जून
परळी, बीड जिल्हा. सभेला येणारी माणसं अंत्यसंस्काराला येतात. थोरली मुलगी पंकजा अग्नी देते.

1 सप्टेंबर 2019
सुधारित मोटार वाहन कायद्याचं कलम 194 ब लागू होतं. बेल्ट न लावल्यास दंड 1,000 रुपये.

13 ऑगस्ट 2022, रात्र
बीड जिल्ह्यातलेच आणखी एक नेते, विनायक मेटे, बीडहून मुंबईला निघतात. ते केज तालुक्यातल्या राजेगावचे. दुसऱ्या दिवशी मराठा आरक्षणावर बैठक आहे. अंतर सुमारे 400 किलोमीटर, वेळ झोपेची.

14 ऑगस्ट, रविवार, पहाटे 5 च्या सुमारास
मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, माडप बोगद्याजवळ. मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी 100. मेटेंची गाडी पुढच्या अवजड वाहनाला मागून धडकते. कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात त्यांना मृत घोषित करतात. बैठक त्याच दिवशी होणार होती. तपास सीआयडीकडे जातो आणि वेगाचा मुद्दा धरून मेटेंच्याच चालकावर गुन्हा नोंदवला जातो.

4 सप्टेंबर 2022, रविवार, दुपार
पालघर जिल्हा, चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल. उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर आहेत. बेल्ट लावलेला नाही. गाडी कठड्यावर आदळते. पुढचे दोघं जखमी होतात, पण वाचतात. मागचे दोघं जातात.

1 नोव्हेंबर 2022
मुंबईत गाडीतल्या प्रत्येकाला बेल्ट सक्तीचा होतो. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. नियम 138 (3) आधीपासून होताच.