सुई आणि चाकरी

२०२१ साली पदवी घेऊन पोशीरास परतलेला माझा एक जुना विद्यार्थी नोकरीच्या शोधात होता. एका कारखान्याने त्याजकडे लस टोचल्याचा दाखला मागितला. त्याचे मन मात्र लशीस राजी नव्हते. मुंबईच्या लोकलनेही १५ ऑगस्टपासून, दोन मात्रा घेतलेल्यांसच सामान्य प्रवास खुला केला होता. "गुरुजी, देह माझा की मालकाचा?" त्याने विचारले.

मी त्यास जुनी हकीकत सांगितली. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी आपण होऊन पुढे आले, त्यांस दिली. पुढे १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिनांवर आला, पद गेले. १९०७ साली ते निर्दोष ठरले. म्हणजे लोकांचे भय अगदीच निराधार नव्हते, आणि लसही खोटी नव्हती.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: लस घेण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, तथापि सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारास वाजवी निर्बंध घालता येतात.

तोवर त्या मुलाची नोकरी हुकली होती. मी स्वतः लस घेतली होती. तरी त्यास मूर्ख म्हणवले नाही. दुसऱ्याचे मन वळवावयाचे, तर हाफकिनांप्रमाणे आधी आपली बाही वर सारावी.