चार्जिंग स्टेशन टाकायचं? आधी जागेचा हिशोब करा

नांदगाव पेठ : रोडला लागून शेत आहे, चार्जिंग स्टेशन टाकलं तर चालेल का? परवान्याची अडचण नाही. गाडी चार्ज करून देण्यासाठी वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. खरा प्रश्न जागेचा आहे. जागा चुकली तर गाड्या येत नाहीत, कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

गाडी किती वेळ थांबते?
पेट्रोल पाच मिनिटांत भरते, बॅटरी नाही. ३० किलोवॅटचा फास्ट चार्जर तासाला जास्तीत जास्त ३० युनिट देतो. कारची बॅटरी साधारण ३० ते ४५ युनिटची असते. म्हणजे गिऱ्हाईक पाऊण-एक तास थांबणार. तिथे चहा-जेवण, स्वच्छ बाथरूम, सावली आणि रात्री उजेड पाहिजे. टोल नाक्याजवळची जागा दिसायला भारी, पण फास्टॅगमुळे गाड्या तिथे थांबत नाहीत. त्यापेक्षा चालता ढाबा बरा.

गिऱ्हाईक कोण?
स्कूटरला तीन-चार युनिट पुरतात, ती घरच्या प्लगवर रात्री चार्ज होते. अमरावतीचा कारवालाही घरीच लावतो, त्याला इतक्या जवळ थांबायची गरज नाही. फास्ट चार्जरचे खरे गिऱ्हाईक म्हणजे नागपूरहून अकोला, खामगाव, जळगावकडे किंवा तिकडून नागपूरकडे जाणारी लांबची गाडी. नागपूर-मुंबईच्या बऱ्याच गाड्या समृद्धी महामार्गाने जातात, त्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर मोजू नयेत.

एमआयडीसी आणि टेक्सटाइल पार्कच्या बाजूला ई-ऑटो, मालाच्या छोट्या गाड्या असतील तर तिथे महागडी मशीन नको. कमी खर्चाचे स्लो चार्जिंग पॉइंट पुरतात, कारण या गाड्या जास्त वेळ उभ्या राहतात.

रोडची बाजू पहा
मधात दुभाजक आहे. पलीकडच्या बाजूची गाडी लांबून वळसा घेऊन येत नाही. म्हणून एका बाजूच्या जागेसाठी त्याच बाजूची गर्दी मोजावी. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरले आहे. आज एकटे असलो तरी उद्या दुसरे स्टेशन येईल, हे धरूनच चालावे.

वीज कुठून येणार?
शेतीपंपाच्या कनेक्शनवर चार्जर चालवता येत नाही. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठराविक तासच असते. चार्जिंगसाठी महावितरणचे वेगळे कनेक्शन आणि मीटर लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ग्रामीण भागात नवीन कनेक्शनची मुदत १५ दिवसांची आहे, पण लाइन ओढावी लागली किंवा डीपी नवीन बसवावी लागली तर वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. म्हणून जागा ठरवण्याआधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन जवळच्या डीपीवर किती लोड शिल्लक आहे ते विचारावे.

पैशाचा हिशोब
समजा वीज बिल आणि जीएसटी जाऊन युनिटमागे ५ रुपये सुटतात. रोज चार कार आल्या, प्रत्येकीने २५ युनिट घेतले, तर १०० युनिटचे ५०० रुपये झाले. महिन्याचे १५ हजार. त्यातूनच मीटरचा स्थिर आकार, माणसाची मजुरी, इंटरनेट, दुरुस्ती आणि बँकेचा हप्ता काढायचा. रोज दोनच कार आल्या तर साडेसात हजारच उरतात. स्वतःचा ढाबा असेल तर जेवणाची कमाई वेगळी धरता येते. नुसत्या मोकळ्या शेतात तो आधार नाही.

सही करण्याआधी
- इलेक्ट्रिक गाडीची नंबर प्लेट हिरवी असते. ठरवलेल्या जागेवर आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, आपल्या बाजूच्या हिरव्या प्लेटच्या कार मोजाव्या. त्यातल्या थांबतात किती, हे वेगळे लिहावे.
- महामार्गावरून शेतात गाडी उतरवायला महामार्ग प्राधिकरणाची परवानगी लागते. जमिनीच्या बिगरशेती वापराबाबत तहसील कार्यालयात विचारावे.
- फोनवर ‘फ्रँचायझी देतो, आधी डिपॉझिट भरा’ म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नये. आधी कंपनीच्या कार्यालयात जाऊन खात्री करावी.
- कंपनी जागा भाड्याने मागत असेल तर ठरलेले भाडे घ्यावे की विकलेल्या युनिटवर वाटा, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. गाड्या कमी असतील तर ठरलेले भाडे घेतलेले बरे, कारण मशीन रिकामी राहिली तरी तोटा जमीनमालकाच्या अंगावर येत नाही.