बुरूड राजाचा कोट

लिहीन लिहीन म्हणता म्हणता दोन महिने गेले. पुण्याच्या आत्याला फोनवर सांगितलं की रविवारी नालासोपाऱ्याला सहलीला गेलो होतो, तर ती म्हणाली, "नालासोपाऱ्याला? बघायला? तिथे काय आहे बघण्यासारखं? माणसं लटकून जातात ना रे त्या गाडीला?" मी म्हटलं, लिहितो, वाच. तर आत्या, हे घे.

आधी कबुली देतो. जन्म गेला घाटकोपरला, पंतनगरात. इतिहास बघायला म्हणून अजिंठा झालं, वेरूळ झालं, हंपी झालं, एकदा तर पार इजिप्तच्या टूरची माहितीपत्रकं आणून झाली (ती अजून कपाटात आहेत, बायको त्यावर चपात्या टाकते). पण दीड-दोन तासांवर अशोकाचा शिलालेख सापडला होता हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेलं, आणि ती ओळ परीक्षेनंतर जिथे जाते तिथे गेली. मग मेव्हण्यानं कुठल्याशा ग्रुपचा निरोप पाठवला: एक दिवसाची सहल, बरोबर माहितगार, सोपाऱ्याचा स्तूप आणि आसपासची गावं, जेवण गावातच. गेलो.

२०१४ साली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो झाल्यापासून आम्हा सेंट्रलवाल्यांना पश्चिमेकडचं जग जवळ आलंय. नाहीतर दादरला उतरा, पूल चढा, पूल उतरा... असो. अंधेरीहून विरार गाडी रविवारी सकाळी चक्क बसायला मिळाली. नालासोपारा स्टेशनबाहेर वीस-बावीस लोक आणि मधे आमचे माहितगार. वसईचेच, निवृत्त शिक्षक, डोक्यावर टोपी, खांद्याला शबनम. सगळे त्यांना सर म्हणत होते म्हणून आम्हीही सर. पहिलंच वाक्य: "नालासोपारा असं गाव नाही. नाळे हे एक गाव, सोपारा हे दुसरं. रेल्वेनं दोघांचं लग्न लावलं."

रिक्षा इमारती, गॅरेज, मोबाईलची दुकानं, पुन्हा इमारती असं करत एका कुंपणापाशी थांबल्या. आत झाडं, आणि मधोमध विटांचा एक बुटका ढिगारा. खरं सांगू? मन खट्टू झालं. सांचीचा फोटो डोक्यात असतो ना आपल्या. इथे ना तोरण, ना कठडे. मी काय केलं असेल? वर चढलो, फोटो काढायला. बुटांसकट. मेव्हणा खालून "थोडा डावीकडे सरक" म्हणतोय आणि मी सरकतोय.

तेवढ्यात खालून एक आवाज आला. "दादा, तेवढं खाली येता का? मला वंदना करायचीय."

आमच्याच ग्रुपमधल्या एक बाई. साठीच्या पुढच्या असतील, पांढरी साडी, पायांतल्या चपला कुंपणाशीच काढून ठेवलेल्या. आवाजात राग अजिबात नव्हता, तोच जास्त लागला. मी उतरलो. त्यांनी पिशवीतून फुलं काढली, मेणबत्ती काढली, हात जोडून हळू आवाजात वंदना म्हटली, मग स्तूप उजव्या हाताला ठेवून तीन फेऱ्या मारल्या. आम्ही बाकीचे हातात वेफर्सची पाकिटं घेऊन उभे. कुणाला काय करावं कळेना. सर मात्र टोपी काढून शांत उभे होते. ख्रिश्चन माणूस, रविवारची पहाटेची मिस्सा करून आलेला.

वंदना झाल्यावर सरांनी सुरुवात केली. आणि तो ढिगारा माझ्यासमोर हळूहळू उंच व्हायला लागला.

गावकरी याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणायचे. बुरूड म्हणजे टोपल्या-सुपं विणणारा. बुद्ध विसरला गेला होता आणि त्याच्या जागी टोपल्या विणणारा कुणी राजा येऊन बसला होता. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा ढिगारा खणला. हे भगवानलाल मूळचे जुनागढचे, जन्म १८३९ चा. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे चौदाही लेख एका शिळेवर कोरलेले आहेत, त्या शिळेच्या गावचा मुलगा. ती अक्षरं त्यांनी तरुणपणीच आपली आपण वाचायला घेतली आणि पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर फिरून लेखांचे ठसे घेतले. इंग्रजी शिक्षण फारसं नाही, पण पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठानं सन्मानाची डॉक्टरेट दिली. १८८८ साली गेले, पन्नाशीही न गाठता. आमच्या घाटकोपरला निम्मी वस्ती काठेवाडकडची, पण या माणसाचं नाव तिथे कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. माझ्याही तोंडून नाही, त्यामुळे कुणाला बोल लावायचा?

स्तूपाच्या पोटात विटांची एक छोटी खोली, त्यात दगडाची गोल पेटी. पेटी उघडली तर मधे तांब्याचा अंड्याच्या आकाराचा करंडक आणि त्याच्याभोवती बसलेल्या आठ छोट्या मूर्ती. सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, जो अजून यायचा आहे. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. सोन्याची फुलं. आणि सगळ्यात आत, सोन्याच्या डबीत... मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे.

खापरं! पाच डब्यांच्या आत खापरं. भगवानलालांच्या मते ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून जपलेले होते. आमच्यातला एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, "पण खरंच त्याचेच कशावरून?" सर म्हणाले, "ज्यांनी सोन्यात ठेवले त्यांना तसं वाटत होतं. तेवढं मला पुरतं." मला त्या वेळी हे उत्तर जरा पळवाटेचं वाटलं होतं. आता तितकंसं वाटत नाही.

त्या पेटीत यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. पण आठ मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या वाटतात. म्हणजे मधे पाच-सहाशे वर्षांनी कुणीतरी हा स्तूप उघडला, आतलं तसंच ठेवलं, त्यात स्वतःच्या काळातल्या मूर्तींची भर घातली आणि पुन्हा बंद केला. चोरण्यासाठी नाही हो, जपण्यासाठी. हे करंडक आता फोर्टात एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

आता बंदराबद्दल थोडं. हे शूर्पारक म्हणजे साधंसुधं गाव नव्हतं. ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये ते आहे, टॉलेमीच्या भूगोलात आहे, महाभारतात पांडव इथे येऊन जातात, सिंहलाच्या 'महावंसा'त विजयाचं जहाज लंकेला जाण्याआधी इथे थांबतं. नाणेघाटात पाण्याच्या टाक्यावर 'सोपाऱ्याचा गोविंददास' असं दात्याचं नाव कोरलेलं आहे. म्हणजे इथला व्यापारी घाट चढून जुन्नरकडे जायचा आणि वाटेत तहानलेल्यांसाठी टाकं खोदून ठेवायचा. (आपल्या सोसायटीत पाण्याच्या कूलरवर 'यांच्या स्मरणार्थ' लिहितात, तीच परंपरा.) पुढे खाडी गाळानं भरत गेली, समुद्र लांब गेला आणि बंदर मेलं. लढाई नाही, आग नाही. नुसता गाळ.

आणि पूर्णाची गोष्ट. इथला व्यापारी, समुद्रावर फिरणारा. जहाजावर श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचनं ऐकली आणि भिक्षू झाला. परत आपल्या प्रदेशात जातो म्हणाला, तेव्हा बुद्धानं विचारलं, तिथली माणसं फार तापट, शिव्या देतील तर? म्हणाला, हात उगारला नाही एवढं तर भलं केलं, असं म्हणेन. हात उगारला तर? दगड मारले नाहीत म्हणेन. आणि जीवच घेतला तर? म्हणेन, या देहातून सुटका केली. सर हे सांगत असताना त्या पांढऱ्या साडीतल्या ताई मान हलवत होत्या. त्यांना ती गोष्ट पाठ होती. मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग आलो शिलालेखाकडे. तोही भगवानलालांनाच १८८२ मध्ये इथल्या भातेळे तळ्याजवळ मिळाला. आख्खा नाही, एक फुटका तुकडा, अशोकाच्या आठव्या लेखाचा. गिरनारचा माणूस होता म्हणूनच चार तुटक्या ओळींवरून ओळखता आलं असणार. लेख आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यात काय आहे? तर पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे मौजेच्या सहलीला, शिकार वगैरे. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो, आणि तेव्हापासून माझ्या या धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यात श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, त्यांना दान द्यायचं, म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माबद्दल बोलायचं.

थोडक्यात, सहलीला कसं जावं यावर सम्राटाचा लेख! आणि तो ज्या गावात लावला होता त्याच गावात मी बुटांसकट स्तूपावर. मेव्हण्यानं माझ्याकडे बघितलं. मी सरांकडे बघत राहिलो.

तिथून चक्रेश्वराच्या तळ्यावर गेलो. देवळाच्या आवारात जुन्या मूर्ती आहेत, त्यात एक उभा ब्रह्मदेव. फार सुंदर, जाऊन बघाच. पुढे गास. तिथल्या चर्चला संत गोन्सालो गार्सिया यांचं नाव आहे. हा वसईचा मुलगा फ्रान्सिस्कन बंधू होऊन जपानला गेला आणि १५९७ साली नागासाकीला क्रूसावर गेला. म्हणजे पूर्णाच्या गोष्टीतला शेवटचा प्रश्न या किनाऱ्यावरच्या एकाला खरोखरच विचारला गेला. हे मी नाही म्हणालो, सर म्हणाले, आणि लगेच पुढे चालायला लागले.

निर्मळला शंकराचार्यांची समाधी आणि तळं, कार्तिकातली मोठी जत्रा, आणि हाकेच्या अंतरावर चर्च. जेवण तिथल्याच एका वाडीत होतं. केळीची बाग, विहीर, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, मासे. घरातल्या आजी नऊवारी लाल लुगड्यात, गळ्यात क्रूस. त्यांची सामवेदी बोली मला निम्मी कळली, निम्मी नाही. आपण 'शुद्ध मराठी'च्या गप्पा मारतो तेव्हा अशा आज्या आपल्या हिशेबात नसतात. निघताना सुकेळी बांधून दिली. मी पैसे विचारले तर, सर म्हणाले, हसल्या.

शेवटचं गाव भुईगाव. १९५६ साली इथे अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. नववा लेख म्हणजे आमच्या घराण्यानं फ्रेम करून लावावा असा. आजारपण, लग्न, मूल होणं, प्रवास, या प्रत्येक वेळी लोक नाना मंगलविधी करतात, त्याचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं, थोरांचा मान राखणं, प्राण्यांबद्दल संयम. (यात अशोक बायकांच्या विधींना क्षुल्लक म्हणतो. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तेव्हापासून आहे हे." काय बोलणार?) दगड होता तिथे आता दाखवायला काही नाही. सुरूची झाडं आणि समुद्र. आम्ही वाळूत बसून चहा प्यायलो.

परतीच्या गाडीत त्या ताई माझ्या शेजारी बसल्या. कुठे उतरणार विचारलं तर घाटकोपर. घाटकोपरला कुठे, तर रमाबाई कॉलनी. माझ्या घरापासून चालत फार तर पंधरा-वीस मिनिटं. ११ जुलै १९९७ ला तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि नंतर राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्या दिवशी आम्ही घरात दारं लावून टीव्ही बघत होतो. तेव्हापासून आजवर मी त्या वस्तीत पाऊल टाकलेलं नाही. हायवेवरून जाताना बसच्या खिडकीतून बघितलंय, तेवढंच.

मी म्हटलं, "ताई, सकाळचं... माझं चुकलं."

"अहो, त्यात काय. माहीत नसतं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंना सोपाऱ्याला आणायचं राहून गेलं. त्या म्हणायच्या, नागपूरला दीक्षाभूमीला सगळे जातात, जवळचं कुणी बघत नाही."

सुकेळीचं पाकीट उघडून त्यांच्यापुढे केलं. त्यांनी दोन घेतली, एक नातवासाठी पदरात बांधलं. अंधेरीला उतरलो, मेट्रोत उभ्यानं आलो. घाटकोपरला जिन्यावर गर्दीत त्या पुढे गेल्या, मग थांबून मागे वळल्या आणि म्हणाल्या, "बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खीर असते. बहिणीला घेऊन या." बायकोबद्दल म्हणत होत्या.

पत्ता लिहून घेतलाय. पौर्णिमा मे महिन्यात आहे.