करवत मासा आणि करवत शार्क

कडांना दात असलेली लांब, चपटी सोंड दोघांनाही असते. तरीही करवत मासा (प्रिस्टिस प्रिस्टिस) हा पाकट आहे आणि लांबनाकी करवत शार्क (प्रिस्टिओफोरस सिरॅटस) हा खरा शार्क. 1758 मध्ये करवत माशाला शास्त्रीय नाव देताना लिनियसनेही तो स्क्वालस या शार्कांच्या वंशातच घातला होता.

ओळख पटवायची तर मासा उलटा करावा. करवत माशाच्या कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला असतात, शार्कच्या मात्र डोक्याच्या दोन्ही अंगांना. शिवाय शार्कच्या सोंडेखाली दोन लांब मिशा लोंबतात. करवत माशाला त्या नसतात.

दातांतला फरक सर्वांत बोलका. करवत माशाचे दात साधारण एकाच आकाराचे, खोबणीत घट्ट रुतलेले असतात. ते मुळाशी आयुष्यभर वाढतात, पण एखादा मुळासकट निखळला की ती जागा कायमची रिकामी राहते. करवत शार्कचे दात लहानमोठे असतात, गळतात आणि पुन्हा येतात. दोघांच्या माद्या जिवंत पिल्ले प्रसवतात. आईला इजा होऊ नये म्हणून करवत माशाच्या पिल्लाच्या दातांवर मऊ आवरण असते, तर शार्कच्या पिल्लाचे दात मागे दुमडलेले असतात. दोन कुळांत करवत स्वतंत्रपणे घडली, याचा यापेक्षा सुंदर दाखला मिळणे कठीण.

करवत माशाच्या सोंडेवरील सूक्ष्म छिद्रांना भक्ष्याच्या शरीरातून निघणारे क्षीण विद्युत्संकेत जाणवतात. मग आडवा फटकारा मारून तो मासे घायाळ करतो किंवा तळाशी दाबून धरतो.

करवत शार्क दक्षिण ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रतळावर राहतो. लांबी साधारण दीड मीटर. करवत मासा 6 मीटरहून मोठा होतो, उष्ण किनाऱ्यांवर वावरतो आणि नद्यांतही शिरतो. ऑस्ट्रेलियाच्या फिट्झरॉय नदीत त्याची पिल्ले वाढतात. निकाराग्वा सरोवरातही तो एके काळी विपुल होता. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर त्याच्या नोंदी आहेत.

उथळ पाण्यातला वावर आणि जाळ्यात हमखास अडकणारी करवत यांमुळे त्याची फार मोठी हानी झाली. पर आणि करवतींच्या व्यापाराने त्यात भर घातली. आज तो अतिसंकटग्रस्त असून भारतात 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे गुन्हा आहे. जाळ्यात चुकून आलेला करवत मासा जिवंत असेल, तर जाळे कापून का होईना, त्याला सोडून द्यायला हवे.