बिंदूंच्या ढगात दडलेले घर

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटर मार्गासाठी हवाई लायडार सर्वेक्षण करण्यात आले. देशातील रेल्वे प्रकल्पात हे तंत्र प्रथमच वापरले गेले आणि एरवी १०-१२ महिने घेणारे काम १२ आठवड्यांत उरकले. लेसर किरण जमिनीवर आपटून परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजले जाते व असंख्य बिंदूंचा त्रिमितीय ढग, म्हणजेच ‘पॉइंट क्लाउड’, तयार होतो.

मात्र बिंदूला स्थान असते, नाव नसते. ते संगणकावर द्यावे लागते. प्रचलित ‘लास’ पद्धतीत जमिनीला २, उंच झाडीला ५, इमारतीला ६ असे क्रमांक आहेत. सॉफ्टवेअर प्राथमिक वर्गवारी करते. मोकळ्या माळावर ती बहुधा बरोबर येते. खरी कसोटी लागते ती झाडाखालच्या कौलारू घरापाशी. वरून पाहता नुसती पानेच दिसतात. ढगाचा उभा छेद घेतला, तर पानांच्या फटींतून खाली पोहोचलेल्या किरणांमुळे छपराची तिरकी, सलग रेषा उमटते. तपासनिसाने छेद न पाहताच ५ हा क्रमांक मान्य केला, की नकाशावरून घर नाहीसे झाले! भूसंपादनाच्या कामात ही चूक क्षुल्लक नव्हे. म्हणून संशयास्पद बिंदू हवाई छायाचित्रांशी ताडून पाहतात. तरीही उलगडा न झाल्यास प्रत्यक्ष जागेवर माणूस पाठवावा लागतो.