सिस्टरने ‘थांबा’ म्हटलं तेव्हा



आपलं माणूस दवाखान्यात भरती असलं की आपले डोळे मोठ्या डॉक्टरांकडे लागतात. पण रात्रभर पेशंटजवळ असते ती सिस्टर. काही बिनसलं तर बहुतेक वेळा आधी तिच्याच लक्षात येतं. ते तिला मोठ्या डॉक्टरांना तोंडावर सांगता येतं का? यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. आज त्याचाच इतिहास पाहू.

सुरुवात आपल्या सेवाग्रामपासून करू. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी इथं मेडिकल कॉलेज सुरू केलं. नव्या मुलामुलींनी आधी पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहायचं, प्रार्थना, सूतकताई, श्रमदान करायचं, अशी इथली रीत. कोणतंही काम हलकं नाही, हा डॉक्टरकीचा पहिला धडा.

काम हलकं नाही, तसं कोणाचं बोलणंही हलकं नाही. हा दुसरा धडा मात्र जगातल्या मोठमोठ्या दवाखान्यांना फार उशिरा कळला.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स नावाचं नामांकित हॉस्पिटल आहे. मोठ्या शिरेत नळी घालताना जंतू जाऊ नयेत म्हणून २००१ साली तिथल्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी हात धुण्यापासून पट्टी लावण्यापर्यंतच्या पाच पायऱ्या कागदावर लिहिल्या. सिस्टरांना सांगितलं, महिनाभर नुसतं बघा. तीनातल्या एकाहून जास्त पेशंटांच्या वेळी डॉक्टरांकडून एखादी तरी पायरी सुटत होती! मग व्यवस्थापनाने जाहीर केलं, पायरी सुटली तर सिस्टरने डॉक्टरला थांबवायचं, आम्ही तिच्या पाठीशी आहोत. वर्षभरात त्या नळीतून होणारा संसर्ग ११ टक्क्यांवरून शून्यावर आला. नवं औषध नव्हतं, नवं मशीन नव्हतं.

हे काम पुढे नेणाऱ्यांत एक नाव आपल्या शेजारचं आहे. डॉ. अतुल गावंडे अमेरिकेत जन्मले, पण त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. त्यातला एक मुद्दा असा, की चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडलं की पुढं धोका दिसल्यावर बोलणं सोपं जातं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली. ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

पण नुसत्या कागदाने सगळं होत नाही. उत्तर प्रदेशात बाळंतपणासाठी अशीच यादी १२० सरकारी दवाखान्यांच्या अभ्यासात तपासली. शिकवणारे येत होते तोवर कामं बरीच सुधारली, येणं थांबल्यावर थोडी घसरली. आई-बाळांच्या मृत्यूंत मात्र फरक पडला नाही. म्हणजे सवय मुरावी लागते, आणि सोबत साधनं, माणसंही लागतात.

मैत्रिणींनो, बोलण्याची सवय कशी लागते हे आपल्याला गटातून ठाऊक आहे. नवी बाई पहिल्या बैठकीत मागे बसते. तिला नाव सांगायला लावलं, हिशेब मोठ्याने वाचायला दिला, की चार महिन्यांनी तीच विचारते, “ताई, हे व्याज कसं लावलं?” तेव्हा अध्यक्षांनी वही पुढे केली तर ती कायमची बोलती होते. कपाळाला आठी घातली तर कायमची गप्प. दवाखान्यातही हेच घडतं. धीर खालच्यांनी करायचा, पण तो टिकेल की नाही हे वरच्यांच्या वागण्यावर ठरतं.

म्हणून गावच्या आरोग्य समितीत बसाल तेव्हा औषधांच्या साठ्याबरोबर एवढंही विचारा, “इथल्या सिस्टरला, आशाताईला ‘थांबा’ म्हणायची मुभा आहे का? आणि म्हटलं तर तिच्या पाठीशी कोण उभं राहतं?”