गिरणी आणि दिवा

पांझरेच्या उत्तर तीरावर धुळ्याचें देवपूर वसलेलें आहे. तेथें आमच्या घरामागें पिठाची गिरणी होती. १९८० नंतरच्या त्या वर्षांत तिन्हीसांजेस ती सुरू झाली, कीं अभ्यासाच्या बल्बचा उजेड एकाएकीं तांबूस होई. क्षणभरानें तो सावरे. पण पहिल्या तेजास येत नसे. वडिलांनीं गिरणीवाल्यांशीं बोलणेंच टाकलें होतें. आई म्हणे, "अहो, दळण त्यांच्याचकडे न्यायचें आहे ना?"

थांबलेली मोटर सुरू होतांना नेहमींच्या पांचसहापट प्रवाह ओढते. प्रवाह वाढला कीं तारेच्या रोधांत विजेचा दाब तितकाच अधिक खर्ची पडतो. हा नियम ओमनें १८२७ मध्यें मांडला. बल्ब तर मोठा हळवा. दाब शेंकडा १० नें उतरला, तर त्याचा उजेड शेंकडा ३० च्या आसपास उतरतो. तार लांब व बारीक असली आणि घर तिच्या टोकाशीं असलें, तर हा भुर्दंड सर्वांत अधिक त्या घरास बसतो. आमचें घर टोकाचेंच होतें. गिरणीवाल्यांचा अपराध तो काय? त्यांनीं मोटरीची कळ दाबली, एवढाच!

एडिसननें १८८२ सालीं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर उघडलें तें दिव्यांसाठीं. यंत्रें मागाहून त्या तारांवर आलीं. आमच्या प्रांतीं मोठ्या विजेची वाट निराळी. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी खोपोलीस उतरवून टाटांनीं १९१५ सालीं जी वीज मुंबईस नेली, ती मुख्यत्वें कापडगिरण्यांसाठीं होती. पुढें खानदेशांतही तारा विहिरींवरील पंपांपर्यंत गेल्या, आणि पंप, गिरणी व विद्यार्थ्याचा दिवा अनेक ठिकाणीं एकाच डीपीचे भागीदार झाले. घरगुती दाबांत शेंकडा ६ हून अधिक फरक नसावा, असें १९५६ च्या नियमांत होतें. म्हणजे २३० व्होल्टांस सुमारें १४. टोकाच्या घरीं तो मोजावयास कोण येणार?

आतां चांगल्या एलईडी दिव्यांतील मंडल ही घट आंतल्या आंत भरून काढतें. दाब अजूनही झुकतो, पण तें डोळ्यांस दिसत नाहीं. वडिलांचा अबोला मात्र त्याआधींच, आमच्या मॅट्रिकच्या निकालाचे पेढे घेऊन गिरणीवाले स्वतः घरीं आले तेव्हां, सुटला होता.